देव नळदुर्गला असताना

बब्रुवानला जामीन मिळाला, पण अटी घालून. साक्षीदारांना धमकवायचं नाही, जिल्ह्याबाहेर जायचं तर कळवायचं आणि दर रविवारी पोलीस ठाण्यात येऊन हजेरी लावायची. गावातला बिराप्पा सातबारा घेऊन जामीन राहिला, तेव्हा कुठं बब्रुवान तुरुंगातून घरी आला. त्याचा चुलतभाऊ श्रीनाथ त्याच आठवड्यात सुटला आणि त्यालाही अगदी ह्याच अटी होत्या. कारण दोघं भांडले होते ते एकमेकांशीच. ह्यानं त्याच्यावर गुन्हा नोंदवला, त्यानं ह्याच्यावर, आणि सरकारनं दोघांनाही आत टाकलं.

मग व्हायचं असं, की ज्यांनी एकमेकांच्या घरची हाडं मोडली ते दोघं दर रविवारी ठाण्याच्या ओसरीत एकाच बाकावर बसलेले असायचे. बाकच एक होता. हजेरीचं रजिस्टर ज्याच्या ताब्यात तो हवालदार सावकाश यायचा, चहा प्यायचा, कुणाला तरी फोन लावायचा. तोवर दोघं दोन टोकांना. बब्रुवान पंख्याकडं बघे, श्रीनाथ आपल्या प्लास्टरमधल्या पायाकडं.

बब्रुवानची बायको धुरपदाबाई त्याच्यासोबत यायची आणि समोर कडुलिंबाखाली बसायची. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला असे. पुढं हाताचं प्लास्टर निघालं, पण हाड वाकडंच जुळलं. कोपर सरळ होईना, बोटांत जोर राहिला नाही. भाकरी थापायची ती डाव्या हातानं शिकली, आणि ती भाकरी कधी गोल झाली नाही.

भांडण वाटेचं होतं. दोघांच्या रानातून एक सामाईक गाडीवाट जायची, तिच्यावरूनच ऊस बाहेर निघायचा. श्रीनाथनं एका सकाळी ती नांगरून टाकली. बब्रुवान विचारायला गेला, आवाज चढले, धुरपदाबाई मधे पडली. श्रीनाथच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. तो त्यानं बब्रुवानवर उगारला, आणि बसला तिच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. बायको खाली पडलेली पाहून बब्रुवाननं पहार उचलली आणि श्रीनाथच्या पायावर घातली. नडगीचे दोन तुकडे झाले. एवढंच घडलं होतं. कागदावर मात्र ते दोन वेगवेगळ्या खटल्यांत वाटलं गेलं, आणि दोन्हीकडं जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं.

तिला हाताहून जास्त दुसरंच लागलं होतं. श्रीनाथची आई तो चालायला लागला तेव्हाच गेली. धुरपदाबाई तेव्हा नवी नवरी. तिनं त्याला आंघोळ घातली, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, शाळेत पाठवलं. पुढं त्यानं मुरुमला खता-बियाण्याचं दुकान टाकलं, तेव्हा पहिला नारळ त्यानं तिच्याच हातनं फोडून घेतला होता.

म्हणून एका रविवारी श्रीनाथनं तीन कप चहा मागवला आणि एक कप कडुलिंबाखाली पाठवला, तेव्हा तिला राग आला नाही, उलट बरं वाटलं. तिनं तो प्यायला. हे तिनं पुढं पुष्कळदा आठवलं.

बाकावरचं अंतर कमी होत गेलं. आधी पावसाची गोष्ट निघाली, मग कारखान्याच्या तोडीची, मग कोर्टाची.

"दादा, आपण दोघं बी आत जाणार," श्रीनाथ म्हणाला. "वाट तिथंच ऱ्हाणार. तिच्यावरून तिसराच कुणीतरी ऊस नेणार."

"मग मिटवू की," बब्रुवान म्हणाला.

दोघं मिळून मल्लिकार्जुन वकिलांकडं गेले. हे बब्रुवानचे वकील. लिंगायत घरचे, कपाळाला विभूती, बोलताना मधूनच कानडी. त्यांनी दोघांना एकत्र आलेलं पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे कलम आपसात मिटत नाही," ते म्हणाले. "कोर्टात दोघांनी हात मिळवले तरी खटला चालतोच. फिर्याद आता तुमची नाही, सरकारची आहे."

"मग साक्षीदारच काय बोलले न्हायत तर?" श्रीनाथनं विचारलं.

"ते मी ऐकलं नाही," वकील म्हणाले, "आणि मी काही सांगितलंही नाही. बब्रुवान, तुम्ही मात्र नीट ऐका. बाईंचा हात मोडला म्हणून तुम्ही पहार उचलली, हाच तुमचा बचाव. तो हात हातचा घालवू नका."

बब्रुवाननं मान हलवली. पण सरळ बोलून निकालाची वाट बघण्यापेक्षा न बोलून सुटणं आपल्याकडं सगळ्यांना सोपं वाटतं. अशी कितीतरी भांडणं ह्या भागात अशीच मिटलेली होती. ह्यांच्या साक्षीदारांनी त्यांच्या खटल्यात काही पाहिलं नाही म्हणायचं, त्यांच्यांनी ह्यांच्या. दोन्ही खटले पुराव्याअभावी पडतात, आणि माणसं गावजेवण घालून मोकळी होतात.

प्रश्न एकच होता. आधी बोलायचं कुणी? खटले दोन, पण कोर्ट एक. एकाची साक्ष संपल्यावर दुसऱ्याची. धुरपदाबाईचा जबाब दवाखान्यात आधी नोंदला गेला होता, म्हणून तिचा खटला पहिला. म्हणजे आधी शब्द पाळायचा तो बब्रुवानच्या घरानं.

"नंबर सरकारनं टाकलाय, म्या न्हाय," श्रीनाथ म्हणाला. "इश्वास नसंल तर चला अणदूरला. खंडोबापुढं बेल-भंडार उचलतो."

बेल-भंडार उचलून दिलेला शब्द मोडणारा माणूस धुरपदाबाईनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पौषातल्या एका सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर अणदूरला गेले. बब्रुवान परत आला तो कपाळाला भंडारा लावून. तिच्यासाठी त्यानं कागदात चिमूटभर आणला होता. तो त्यानं स्वतः तिच्या वाकड्या कोपरावर लावला.

"झालं," तो म्हणाला. "त्यानं उचलला, म्या बी उचलला."

"म्हंजे आता कोर्टात काय म्हणू म्या? माझा हात माझाच मोडला?"

"गोठ्याच्या पायरीवरनं पडले म्हण."

"आन् त्यो समोर उभा ऱ्हाऊन ऐकणार."

"अगं, खरं बोलून हात नीट हुणार हाय का? खोटं बोललीस तर म्या तरी घरी ऱ्हातो."

कोपरावरचा भंडारा तिनं दोन दिवस पुसू दिला नाही.

उमरग्याच्या कोर्टात तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा पदर सावरून ती पिंजऱ्यात चढली. न्यायाधीश बाई होत्या, तरुण, आवाजानं मऊ. शपथ झाली. सरकारी वकिलांनी सरळ विचारलं, त्या दिवशी काय घडलं. ती म्हणाली, म्या गोठ्याच्या पायरीवरनं पडले. सरकारी वकिलांनी हातातला जबाब पुन्हा चाळला. मग त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं, की साक्षीदार फितूर झाली आहे, तिला उलट प्रश्न विचारायची परवानगी द्यावी.

फितूर. हा शब्द तिनं गडकिल्ल्यांच्या गोष्टींत ऐकला होता. दार उघडून देणाऱ्या किल्लेदाराला फितूर म्हणतात. तो शब्द आज तिच्यासाठी होता.

"श्रीनाथ यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तुमच्या हातावर मारलं, हे खरं आहे ना?"

"न्हाय."

"मग पोलिसांनी तसा जबाब का लिहिला?"

"सांगता यायचं न्हाय."

"आरोपी तुमचा दीर आहे, तुम्ही त्याला लहानाचं मोठं केलंत, म्हणून त्याला वाचवायला खोटं सांगताय?"

"न्हाय, साहेब."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. धुरपदाबाईनं पिंजऱ्याचा कठडा डाव्या हातानं धरला होता. उजवा पोटाशी होता, वळलेला. न्यायाधीश त्या हाताकडं बघत राहिल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या. ती खाली उतरताना श्रीनाथनं तिला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, वाकून. तिला वाटलं, चला, लेकरू सुटलं.

पुढच्या तारखांना बब्रुवानकडचे बाकीचे साक्षीदारही काही पाहिलं नाही म्हणाले. तो खटला पोकळ झाला. मग दुसरा निघाला. श्रीनाथ काठी टेकत पिंजऱ्यात चढला.

धुरपदाबाई मागच्या बाकावर बसली होती. ती वाट बघत होती, की आता तो म्हणेल, मोटारसायकलवरनं पडलो, म्हणेल, खड्ड्यात पाय गेला. श्रीनाथनं घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. कुठली सकाळ, कुठली वाट, कोण कुठं उभं होतं, पहार कुणाच्या हातात, ती कशी खाली आली. एकेक वाक्य नीट लावलेलं. मुरुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला औषधाचं प्रमाण समजावून सांगावं तसा तो सांगत होता.

बब्रुवान आरोपीच्या जागी उभा होता. त्यानं आधी वकिलांकडं पाहिलं, मग छताकडं.

मल्लिकार्जुन वकील उलटतपासणीला उठले. "बब्रुवाननं पहार उचलण्याआधी तुम्ही धुरपदाबाईंच्या हातावर दांडा घातला, बरोबर?"

"न्हाय."

"त्यांचा हात मग कसा मोडला?"

"पायरीवरनं पडल्या त्या," श्रीनाथ म्हणाला. "ह्याच कोर्टात, शपथेवर सांगितलंय त्यांनी. कागद बघा की."

सगळ्या साक्षीत तेवढंच एक खोटं होतं, आणि ते तिचं होतं. त्यानं नुसतं उचलून परत दिलं.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी तिनं त्याला गाठलं. तो बशीत चहा ओतत होता.

"शिनू," ती म्हणाली. ह्या नावानं ती त्याला लहानपणी हाक मारायची. "भंडार उचलला व्हतास तू."

"उचलला व्हता, वैनी. न्हाय कुठं म्हणतो."

"मग?"

त्यानं बशी ओठाला लावली, चहा संपवला. "पौषात देव नळदुर्गला असतो, वैनी. अणदूरला नसतो. पालखीत घालून नेत्यात, यात्रा झाली की माघारी आणत्यात. तिकडल्या पोरासोरांना बी ठाऊक हाय. रिकाम्या गाभाऱ्यापुढं माणूस काय बी बोलतंय." मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आन् दादाला इचारा. त्याला बी ठाऊक व्हतं."

तिला वाटलं, हे शेवटचं तो घाव घालायला बोलला. चोराच्या उलट्या बोंबा. ती एसटीच्या थांब्याकडं निघाली.

एसटीत बब्रुवान खिडकीशी बसला. मुरुम मागं पडलं. शेवटी तिनंच विचारलं, हळू, कारण पुढच्या सीटवर ओळखीची माणसं होती.

"देव जाग्यावर नव्हता म्हणं त्या दिवशी."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"तुमाला ठाऊक व्हतं का?"

"तिथं गेल्यावर कळलं," तो म्हणाला. "गुरव म्हणला, देव नळदुर्गला हायत, आलाच हाव तर उंबऱ्याला हात लावा. श्रीनाथ म्हणला, जागा तर देवाचीच हाय. मला बी वाटलं, जागा तर देवाचीच हाय."

"आन् तिथनं नळदुर्ग किती लांब हाय?"

नळदुर्ग तिथून मोटारसायकलनं चहा गार व्हायच्या आत येतं. त्यानं खिडकीची काच ओढून घेतली.

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू कोर्टात तसं बोलली असतीस का?"

तो हे चिडून बोलला नाही. खरंच विचारावं तसं विचारलं. त्यामुळं तिला ते जास्त लागलं. म्हणजे शंका त्यालाही आली होती. नळदुर्गला चल म्हणालो आणि श्रीनाथ नाही म्हणाला तर काय, ह्या भीतीनं त्यानं ती गिळली. आणि तो भंडारा आणून तिच्या कोपराला लावला. श्रीनाथनं तिला फसवलं ते परका होऊन. हा घरात बसून, भाकरी खाताना समोर बसून, गप्प होता.

निकालापर्यंत घरात बोलणं कामापुरतं राहिलं. ती रांधायची, तो जेवायचा. एकदा तो म्हणाला, "धुरपदे, माझ्याकडं बघून तरी बोल." ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी असंल, वरनं घ्या."

निकालाच्या दिवशी आधी श्रीनाथवरच्या खटल्याचा निकाल वाचला गेला. पुराव्याअभावी निर्दोष. तो काठी उचलून बाहेर गेला, पण लगेच परत येऊन दारात उभा राहिला. दुसरा निकाल त्याला ऐकायचा होता. बब्रुवान दोषी ठरला. जिवे मारण्याच्या प्रयत्नातून सुटला, पण घातक हत्यारानं गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा शाबित झाला. शिक्षेवर दुपारनंतर ऐकून घेऊ, असं सांगून न्यायाधीश उठल्या.

मल्लिकार्जुन वकिलांनी दोघांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं.

"आता एवढंच बघायचं," ते म्हणाले. "शिक्षा तीन वर्षांपर्यंत झाली, तर अपील करायचं म्हणून ह्याच कोर्टातून आज जामीन मागता येतो, आणि बहुतेक मिळतो. तुम्ही संध्याकाळी घरी. तीनच्या वर गेली तर इथूनच तुरुंगात, मग जामिनाला औरंगाबादच्या हायकोर्टाची पायरी. म्हणून नम्रपणे बोला. वय सांगा, पहिलाच गुन्हा सांगा. बाईंच्या हाताचं नाव काढू नका. तो विषय दुसऱ्या फायलीत मेलाय, त्याला उकरू नका."

"व्हय," बब्रुवान म्हणाला.

पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर, "शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का," असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याला भरून आलं. वय, पहिला गुन्हा, सगळं तो विसरला.

"मॅडम, घरी बायको एकटी हाय. तिचा हात अधू हाय. तिला विहिरीवरनं घागर आणता येत न्हाय, धार काढता येत न्हाय. म्या गेलो तर तिचं कोण बघंल?"

मल्लिकार्जुन वकिलांनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडं पाहिलं. "त्या आल्यात का?"

धुरपदाबाई उभी राहिली.

"आठवतं मला. तुमची साक्ष झाली होती." त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. "हात अजून बरा नाही?"

"न्हाय."

वकील बसल्या जागेवरून तिच्याकडं बघत होते, हाताचा पंजा खाली दाबून, जणू तिला बाकावर बसवत होते. बब्रुवान बघत होता. दारातून श्रीनाथ बघत होता. तिला नुसतं पडले म्हणायचं होतं, किंवा तेही नाही, नुसतं डोळे पुसायचे होते. नवरा संध्याकाळी घरी आला असता. हे तिला पक्कं कळत होतं. नंतर कधी ती म्हणाली नाही, की मला कळलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्यो हात पडून मोडला न्हाय. श्रीनाथनं दांड्यानं मोडला. त्यो बघून मालकानं पहार उचलली. म्या मागं खोटं बोलले. दोनी घरांनी ठरवलं व्हतं, आमी तुमच्या केसीत बोलणार न्हाय, तुमी आमच्या केसीत बोलू नका. आमी तसं केलं. त्यांनी केलं न्हाय."

दारातून काठीचा आवाज दूर गेला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. बोलल्या तेव्हा आवाज मऊच होता. "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, तर कदाचित दोन्ही निकाल वेगळे लागले असते. त्या खटल्याचा निकाल आता मी दिलेला आहे. आणि आज तुम्ही मला सांगताय, की ह्या कोर्टासमोर शपथेवर खोटं बोलायचं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. ते आरोपीला माहीत होतं?"

ती बब्रुवानकडं बघून म्हणाली, "व्हय. माझ्याहून जास्त."

चार वर्षं सक्तमजुरी झाली. आधी तुरुंगात काढलेले दिवस त्यातून वजा. धुरपदाबाईला खोट्या साक्षीबद्दल कारवाई का करू नये अशी नोटीस काढायचा आदेश न्यायाधीशांनी त्याच वेळी लिहवून घेतला.

बब्रुवानला घेऊन पोलीस व्हरांड्यातून निघाले तेव्हा तिच्यासमोर ते थोडे थांबले. तसं थांबायची पद्धत आहे. घरच्यांना कपडे-औषधं द्यायची असतात. तिनं पिशवीतून त्याचा टॉवेल आणि गोळ्या काढून दिल्या.

"आज घरी आलो असतो," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "आला असता."

त्यानं आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण शिपायानं कोपराला धरलं आणि ते पायऱ्या उतरून गाडीकडं गेले.

मल्लिकार्जुन वकील मागून आले. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं पुसट झाली होती. "बाई, काय केलंत हे? अपिलाला माझ्याकडं काही ठेवलं नाहीत. आणि तुमच्यावर वेगळा खटला चालेल आता. फिरून तुम्हीच पिंजऱ्यात."

"चालंल की."

"अहो, शिक्षा होऊ शकते त्यात."

धुरपदाबाई डाव्या हातानं पदर सावरत होती. "वकीलसाहेब, त्या केसीत म्या खोटं काय बोलले, हे त्यांना लिवावं लागंल न्हवं?"

"लागेल."

"मंग माझा हात कुणी मोडला, हे बी लिवावं लागंल."

वकिलांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "ते सिद्ध करावं लागेल," ते म्हणाले. "पण विचारतील. विचारावंच लागेल."

"मग तारीख कधीची हाय ते तेवढं बघून सांगा," ती म्हणाली, आणि बाकावर बसून राहिली.